जिथं आप्पासाहेब नाहीत तिथं

नगर,
सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

प्रिय तबू,

सलाम. घेतलास तर घे, नाहीतर पाकिटातच राहू दे.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस हे तुझ्या लेकीनं, राजनंदिनीनं, पुण्याहून फोन करून सांगितलं, तोवर मी महिनाभर शेवगावच्या टॉवरला शिव्या घालत होते. मग शेजारच्या आरतीच्या मोबाईलवरून लावला. तू "हॅलो" म्हणालीस, मी "अगं तबू" म्हणाले, आणि फटकन बंद! म्हणजे टॉवर ठणठणीत आहे. म्हणून पत्र. पाकीट ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

काल चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवलं. आपले नवे पाळक, रेव्हरंड अनीश. वय चौतीस, दाढी ठेवतात, पण मनानं चांगले आहेत. म्हणाले, "वडागळेबाई, मंडळीच्या सेक्रेटरी तुम्ही, रजिस्टर तुमच्या ताब्यात, तेव्हा हे तुम्हीच बघा." आणि तुझं पत्र हातात ठेवलं. मी ते व्हरांड्यात उभ्यानं वाचायला घेतलं आणि बाकावर बसून संपवलं.

"माझे पती आप्पासाहेब जानेवारीत वारले. त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, त्यामुळे ते स्वर्गात नाहीत असं मला मंडळीच्या सेक्रेटरींकडून कळलं आहे. बेचाळीस वर्षं आम्ही एका घरात जेवलो. जिथं आप्पासाहेब नाहीत तिथं मला जायचं नाही. तरी माझं नाव मंडळीच्या रजिस्टरातून काढावं, ही विनंती."

मंडळीच्या सेक्रेटरींकडून! सख्खी बहीण लिहायला पेनातली शाई संपली होती काय गं? आणि स्वर्ग म्हणजे काय लग्नाचं आमंत्रण आहे, की यांना बोलावलं नाही तर आम्हीही येत नाही?

आता नीट ऐक. मी बोलले ते माझ्या पदरचं नव्हतं. दहाव्याच्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात आपण दोघीच होतो. तू विचारलंस, "आक्का, हे मला परत भेटतील का गं?" मी "नाही" म्हणाले. मिशनच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, विचारलेल्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर द्यायची सवय मला नाही. शास्त्रात लिहिलंय ते लिहिलंय. देवाच्या घरचे नियम मी बदलू काय?

आप्पासाहेबांवर माझा राग होता असं मात्र समजू नकोस. लग्नाच्या वेळी होता, ते वेगळं. तीस वर्षं आपल्या मंडळीच्या नाताळच्या सभांना मंडप त्यांचा. खुर्च्या, स्पीकर, सगळं शेवगावहून टेम्पोत भरून आणायचे. आणि मंडप टाकून निघून गेले असंही नाही, अँप्लिफायरशेजारी स्टुलावर बसून तिन्ही दिवसांचे सगळे उपदेश ऐकायचे. आपल्या कमिटीतल्या लोकांनी त्याच्या निम्मेही ऐकले नसतील, ती माणसं मागं चहाच्या टाकीपाशी असतात. मी दर वर्षी म्हणायची, "आप्पासाहेब, आता घ्या बाप्तिस्मा." ते हात जोडायचे. "आक्का, वल्ल्या हातानं अँप्लिफायरला हात लावू न्हाई." मी हसायची. हसायला नको होतं, हात धुऊन मागं लागायला हवं होतं. असो.

रजिस्टर कमिटीपुढे जातं झावळ्यांच्या रविवारी, तेरा एप्रिलला. त्या दिवशी नावं ठेवायची की खोडायची ते ठरतं. त्याच्या आत पाळकसाहेबांना दोन ओळी लिही की रागात लिहिलं होतं, एवढंच. मी माफीबिफी मागणार नाही, कारण माझं काही चुकलेलं नाही.

तुझी
आक्का (मंडळीच्या सेक्रेटरी)

ता. क. घरच्या शेवया कुरिअरनं पाठवल्या आहेत. त्यांचा या विषयाशी संबंध नाही.


नगर,
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय तबू,

शेवया परत आल्या. रिकामा डबा आला असता तर मी खूश झाले असते, पण भरलेला? कुरिअरवाला म्हणाला, "घेणाऱ्यांनी नकार दिला." तोंडात मारल्यासारखं झालं. शेवयांनी तुझं काय बिघडवलं होतं? आता मीच खातेय रोज, खिरीचा कंटाळा आला.

तुला पटवायचं म्हणून गेले दोन आठवडे वही घेऊन बसलेय. डाव्या पानावर लिहिलं, 'मेल्यानंतर तारण नाही, का?' उजव्या पानावर, 'आहे, का?' पहिल्यांदा डावं पान भरायचं म्हणून रतनबाईंकडे गेले. आपल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, ज्यांची प्रार्थना सुरू झाली की सगळ्या बायकांचा घरचा भात करपतो, त्या. म्हणाल्या, "त्यात विचारायचं काय, शुलमिथबाई? येशूच्या गोष्टीतला तो श्रीमंत माणूस नरकात आणि त्याच्या दारचा भिकारी लाजर स्वर्गात अब्राहामाच्या उराशी, मधे मोठी दरी. इकडचा तिकडं जाऊ शकत नाही. संपलं." मी लिहून घेतलं. मग त्यांनी आणखी सहा वचनं सांगितली, अग्निसरोवर, दात खाणं, सगळं. डावं पान गच्च भरलं. मी अगदी विजयी मुद्रेनं घरी आले.

चहा करून परत वाचायला बसले आणि घोटाळा झाला. अगं, तो नरकात पडलेला श्रीमंत माणूस काय म्हणतो? स्वतःला पाणी मिळत नाही म्हटल्यावर म्हणतो, निदान माझ्या पाच भावांना कुणीतरी जाऊन सांगा, ते तरी इथं यायला नकोत. म्हणजे आगीत उभा राहून त्याला भावांची काळजी! आणि मी चांगली जिवंत, पंख्याखाली बसलेली, सख्ख्या बहिणीला काय सांगून आले? चौतीस वर्षांत ती गोष्ट मी मुलांना किती वेळा शिकवली असेल, पण हे मला दिसलंच नव्हतं. मी वही मिटली.

मग दुसऱ्या दिवशी मंडळीची जुनी रजिस्टरं काढली. म्हटलं, आपल्या घराण्याचं तरी बघू. आपल्या घरातला पहिला बाप्तिस्मा पणजीचा, भीमाबाईचा, दुष्काळाच्या साली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, 'पती सहादेव आदल्या वर्षी पटकीने मयत.' बाप्तिस्मा न होता मयत, तबू. म्हणजे माझ्या डाव्या पानाप्रमाणे पणजोबा तिकडं. त्यांचे आईबाप तिकडं. त्यांच्याही आधीचे, पार जेवढे म्हणून वडागळे या नगर जिल्ह्यात जन्मले तेवढे सगळे तिकडं. स्वर्गात आपण चार पिढ्यांची माणसं, अगदी नवखी, नव्या कॉलनीत भाड्यानं राहायला आल्यासारखी, आणि सगळी भावकी पलीकडं. भीमाबाईला तिथं करमत असेल काय गं? हा प्रश्न मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पडावा, याची मला लाज वाटली.

यावरून मी बदलले असं समजू नकोस. उजवं पान अजून कोरं आहे. फक्त डाव्या पानाकडे बघायला आता तेवढं बरं वाटत नाही.

पाळकसाहेबांना दोन ओळी लिहिल्यास का? तेरा एप्रिल लक्षात ठेव.

तुझी
आक्का


नगर,
रविवार, २३ मार्च २०२५

प्रिय तबू,

आज भर उपासनेत माझी फजिती झाली. तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. हसायचं असेल तर हस.

मतांगीकार म्हणायला, म्हणजे विश्वासाची कबुली द्यायला, सगळे उभे राहिले. तुला माहीतच आहे, पहिल्या रांगेत मी असते आणि माझ्या आवाजावर सगळी मंडळी चालते. तो मरण पावला, पुरला गेला, अधोलोकात उतरला, इथवर आले आणि माझी गाडी बंद पडली. पुढचं आठवेना असं नाही गं, पुढचं म्हणवेना. मी थांबले तशी सगळी मंडळी थांबली. येशूला अधोलोकात उतरवून आम्ही दीडशे माणसं गप्प उभी! शेवटी पाळकसाहेबांनी तिसऱ्या दिवशी त्याला उठवला, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मला आठवले होते तुझे आप्पासाहेब. दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, नाताळच्या सभा संपलेल्या, ते खुर्च्या एकात एक घालत होते. मला म्हणाले, "आक्का, एक इचारू का? तुमी समदी म्हनता, त्यो मेल्यावर खाली गेल्ता. वर जायाचं सोडून खाली कशापाई गेल्ता त्यो?" मी काय उत्तर दिलं असेल? "आप्पासाहेब, खुर्च्या मोजा, दोनशे भरल्या पाहिजेत." त्यांनी मोजल्या. वर मला दाखवून म्हणाले, "भरल्या."

तबू, तीस वर्षं स्टुलावर बसून त्या माणसानं एकच प्रश्न विचारला, आणि तो नेमका होता. मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी खुर्च्या मोजायला लावल्या.

उपासना संपल्याबरोबर पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, "तो खाली काय करायला गेला होता, ते मला आत्ता सांगा." ते बिचारे भुकेले होते, पण बसले. म्हणाले, "बाई, यावर मी सेमिनरीत निबंध लिहिला होता. बावन्न मार्क मिळाले." म्हटलं, "बावन्न? मग दुसरं कुणी आहे का विचारायला?" ते हसले. "त्या वर्षी साठ कुणालाच नव्हते, बाई. प्रश्नच तसा आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उजव्या पानावर उतरवलं आहे, जसंच्या तसं. एक पक्ष म्हणतो, डोळे मिटले की दार बंद. दुसराही पक्ष आहे, आणि तो काही आजकालचा नाही, अगदी पहिल्या शतकांतल्या लोकांपासूनचा आहे. तो म्हणतो, येशू खाली गेला ते तिथं बंदीत पडलेल्यांना हाक मारायला. पेत्रानं लिहून ठेवलंय की मेलेल्यांनाही सुवार्ता सांगितली गेली. त्याचा अर्थ लावताना मोठमोठे लोक एकमेकांत भांडले आहेत. श्रीरामपूरकडचे आपले कॅथलिक लोक मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात, आपण करत नाही, पण कुणाचंच म्हणणं अगदी पोकळ नाही.

मी म्हटलं, "म्हणजे नरक नाही?" "तसं मी म्हणणार नाही, बाई. माणूस देवाला शेवटपर्यंत नको म्हणू शकतो. पण आत कोण आहे त्याची यादी कुठल्याच मंडळीकडे नाही."

"रजिस्टर नाही?"

"नाही."

"तपासायलासुद्धा?"

"बाई, ते खातं आपल्याकडं दिलेलंच नाही."

तबू, मला एकदम हलकं वाटलं, आणि पाठोपाठ संताप आला की हे मला कुणी पन्नास वर्षांपूर्वी का सांगितलं नाही. मग लक्षात आलं, सांगायला आलेल्याला मी बोलू दिलं नसतं.

तुला हे सगळं पटेल की नाही कोण जाणे. तेरा एप्रिलला तीनच आठवडे राहिलेत. मला खरंच भीती वाटतेय. तुझं नाव खोडायला ते माझ्याच हातात पेन देतील.

आक्का


नगर,
रविवार, १३ एप्रिल २०२५

प्रिय तबू,

कमिटी झाली. तुझं नाव आहे तिथंच आहे. कसं राहिलं ते ऐक, आणि कुणाला सांगू नकोस.

मी तुझं पत्र वाचून दाखवलं. रतनबाई म्हणाल्या, "अर्ज तिचा, इच्छा तिची. जबरदस्तीनं कुणाला स्वर्गात बसवून ठेवता येत नाही. काढा नाव." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी रजिस्टर उघडलं, तुझं पान काढलं. बापूंनी तुझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी सही केलीय त्या पानावर, ती अजून किती ठळक आहे!

आणि मी म्हणाले, "या अर्जावर तारीख नाही."

खरोखरच नव्हती. रतनबाई म्हणाल्या, "मग काय झालं?" मी म्हणाले, "नियम तीनप्रमाणे बिनतारखेचा अर्ज विचारात घेता येत नाही. अर्जदाराला परत पाठवावा लागतो. पुढची कमिटी जूनमध्ये."

नियम तीन असा काही नियम नाही, तबू. नियमांची वही माझ्याच कपाटात असते, तिसऱ्या नंबरला सतरंज्या धुण्याचा विषय आहे. मी साफ खोटं बोलले, पवित्र आठवड्याच्या तोंडावर, देवाच्या घरात, हातात झावळी धरून. पाळकसाहेबांना एकदम खोकला आला. खोकून झाल्यावर म्हणाले, "नियम म्हणजे नियम." विषय संपला.

म्हणजे जूनपर्यंत मुदत मिळाली. पण मुदत मिळवून उपयोग नाही, हे मला तिथंच कळलं. नाव कागदावर ठेवून तू थोडीच परत येणार आहेस? म्हणून आता जे इतके दिवस लिहिलं नाही ते लिहिते.

पहिल्या पत्रात मी म्हटलं की दहाव्याच्या दिवशी स्वयंपाकघरात आपण दोघीच होतो. आपण दोघी नव्हतो. तुझ्या सासूबाई, छबूबाई, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. नव्वदीची बाई, तिला काय ऐकू येणार, असं मी धरून चालले. आणि मी नुसतं "नाही" म्हणूनही थांबले नव्हते. बाप्तिस्मा न घेतलेल्याला स्वर्गाचं दार उघडत नाही, हे मी धडा शिकवावा तसं खणखणीत आवाजात सांगितलं. वर म्हणाले, "मी त्यांना तीस वर्षं सांगत होते." म्हणजे माझी बाजू स्वच्छ!

तेव्हा त्यांनी मान वर केली. "माज्या आप्पाला आत घेत न्हाईत म्हनती व्हय ही?"

तू पदर डोळ्यांना लावलास. त्याच आपल्या पुढं म्हणाल्या, "बरं बरं. म्या जानारच हाय की आता. म्या सांगते त्यास्नी, पोरगं लई गुनाचं हाय म्हनावं. बसू द्या कडंला." आणि तुला म्हणाल्या, "रडू नगं."

मी कप ओट्यावर ठेवला आणि एसटी गाठली. एसटीत बसून मला वाटत होतं की मी सत्य सांगितलं, कठीण असलं तरी सांगितलं. तबू, मी एका आईच्या समोर तिच्या मुलाला दहाव्या दिवशी नरकात घातलं. चहा पिता पिता. आणि ती, जिला आपलं एकही वचन ठाऊक नाही, ती देवाशी बोलायला निघाली होती.

माझं चुकलं. फार चुकलं. मला माफ कर. त्यांनाही सांग... नको, ते माझं मीच सांगेन.

आक्का


नगर,
रविवार, २० एप्रिल २०२५
पुनरुत्थानाचा सण, दुपार

प्रिय तबू,

प्रभू उठला आहे! सणाच्या शुभेच्छा. मटण केलं नाही, एकटीसाठी काय करायचं.

आज पहाटे साडेपाचला नेहमीसारखे सगळे कबरस्थानात जमलो. कबरींना चुना लागलेला, मेणबत्त्या, मोगऱ्याचे हार, तू असायचीस तसंच सगळं. आईबापूंच्या कबरीवर मी तुझ्या नावाचाही हार घातला. स्पीकर या वर्षी दुसऱ्याचा होता, सारखा किंचाळत होता. आप्पासाहेब असते तर एका चापटीत गप्प केला असता, असं तीन जण तरी म्हणाले.

गाणं झालं आणि नावं वाचायची वेळ आली. वर्षभरात मंडळीतून गेलेल्यांची यादी सेक्रेटरीनं वाचायची आणि प्रत्येक नावाला सगळ्यांनी "प्रभूच्या हाती" म्हणायचं. बावीस वर्षं मीच वाचतेय. या वर्षी अकरा नावं होती. एकेक वाचलं, एकेक "प्रभूच्या हाती" आलं. अकरावं झालं. कागद संपला. पाळकसाहेब प्रार्थनेसाठी पुढं झाले.

आणि मी म्हणाले, "शेवगावचे आप्पासाहेब, मंडपवाले."

ठरवून केलं म्हणशील तर नाही. करणार नव्हते म्हणशील तर तेही खोटं. कुणी काही म्हणेना. स्पीकरसुद्धा मेला नेमका तेव्हाच किंचाळायचा थांबला! मला वाटलं, झालं, आता माझंच नाव काढतात रजिस्टरातून.

मग पाठीमागून, अगदी भिंतीकडून आवाज आला, "प्रभूच्या हाती." कोण म्हणून मान वळवली तर चहाच्या टाकीवाले! उपदेशाला कधी न बसणारे ते पाच-सहा जण टोप्या काढून उभे होते. तीस वर्षं आप्पासाहेबांबरोबर बांबू धरलेत त्यांनी. त्यांच्यामागून बायका म्हणाल्या, मग सगळे म्हणाले. पाळकसाहेब तर दोनदा म्हणाले.

रतनबाई म्हणाल्या नाहीत. परत जाताना फाटकापाशी मला धरलं. "शुलमिथबाई, हे शास्त्रात बसत नाही." म्हटलं, "नसेल." "मी म्हणाले नाही, तशी नोंद करा." म्हटलं, "करते." दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ विहिरीत गेला तेव्हा आमच्या घरानं बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. अकरा वर्षांचा होता. पंचावन्न वर्षं झाली." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी यादीत एखादं जुनं नाव घालता येतं का हो?" मी त्यांचा हात धरला. तिथंच दोघी रडलो, आणि पोरं आमच्याकडं बघून हसत होती.

तर तबू, तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी बदलून देते. हे तुला परत भेटतील का? मला माहीत नाही. मी "नाही" म्हणाले तेव्हा जणू किल्ल्या माझ्याच कमरेला होत्या. त्या माझ्याकडं नाहीत, कधीच नव्हत्या. ज्याच्याकडं आहेत तो अधोलोकात स्वतःच्या पायानं उतरला होता, एवढं मी दर रविवारी मोठ्यानं म्हणत आलेय. तो तिथं रिकाम्या हातानं परत यायला गेला असेल असं आता मला वाटत नाही. पण माहीत नाही. माहीत नाही म्हणून गप्प मात्र बसणार नाही. मी मागणार आहे त्यांच्यासाठी, रोज, आणि रतनबाईंच्या प्रार्थनेपेक्षा लांब.

आणि तुझ्या पत्रावरून मी पहिल्या दिवशी तुझी चेष्टा केली होती. आता माझं ऐक. जिथं तू नाहीस तिथं मलाही जायचं नाही. माझं दुसरं आहे कोण? लग्न केलं नाही, मूल नाही, बहीण एक आणि तीही ब्लॉक करून बसलेली. कमिटी, मी आणि अनंतकाळ, विचार कर! पहिल्याच दिवशी सतरंज्यांवरून भांडणं होतील.

सोमवारी, अठ्ठावीसला, सकाळच्या एसटीनं शेवगावला येते. छबूबाईंपुढं बसून जे बोलायचं ते बोलणार आहे. तू दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. मला घाई नाही.

तुझी
आक्का


शेवगाव,
शुक्रवार, २५ एप्रिल २०२५

आक्का,

तुझी पाचही पत्रं मिळाली. पहिली दोन वाचून फाडणार होते, पण तिसऱ्यापर्यंत वाट पाहिली, आणि मग पोस्टमनची वाट बघायला लागले. हे तुला सांगणार नव्हते.

पाचवं पत्र मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. यांचं नाव तू कबरस्थानात घेतलंस ते दोनदा वाचायला लावलं. "किती लोक हुतं?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, दीडशे असतील. तर म्हणाल्या, "आप्पाला गर्दी आवडायची." मग तुझं 'मला माहीत नाही' वाचलं, तर म्हणाल्या, "माहीत न्हाई म्हनली व्हय? मंग शानी झाली. येऊ दे तिला."

आक्का, साठ वर्षांत तुझ्याकडून 'माहीत नाही' हे मी पहिल्यांदा ऐकलं. लहानपणी चांदोबा दिवसा कुठं जातो हेसुद्धा तू मला छातीठोक सांगायचीस, आणि मी मानायची. आई गेली तेव्हा ती कुठं गेली ते तू सांगितलंस, मी मानलं. म्हणून तू 'नाही' म्हणालीस तेव्हा तेही मी मानलं. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी उठून भाकरी टाकायला गेले असते. तुझं मानायची सवय होती, म्हणून साडेतीन महिने मला प्रार्थना करता आली नाही. तोंड उघडलं की वाटायचं, मी यांना बाहेर ठेवणाऱ्याशी बोलतेय.

काल केली. यांच्या खुर्चीशेजारी बसून केली. फार काही म्हणाले नाही, नाव घेतलं आणि रडले. मग भूक लागली. दोन भाकरी खाल्ल्या, सासूबाई बघत राहिल्या.

रजिस्टरातलं माझं नाव राहू दे. मी नीट विचार केला. यांच्यासाठी कुणाला काही सांगायचं असेल तर आतून सांगितलेलं बरं, बाहेर उभं राहून कोण ऐकणार. सासूबाई तर जाऊन सांगणारच आहेत. त्यांच्यामागून मी जाईन. तू आमच्याबरोबर राहा. तुझा आवाज मोठा आहे, आणि आता तू काय बोलशील याची मला भीती वाटत नाही.

सोमवारी ये. पायरीवर बसायचं काही कारण नाही, दार उघडंच असतं. जेवायला थांबायचं आहे.

तबू